डिझेल पिकअपचा झिजलेला सेल्फ: कार्बनपाशी थांबू नका, बुशपर्यंत जा

जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ वापरणाऱ्याला ही लक्षणे सांगावी लागत नाहीत. सकाळी थंड इंजिन पहिल्या किल्लीत उचलते. दुपारी मार्केट यार्डात माल उतरवून परत निघताना मात्र सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, जड चालतो, दोन फेरे ओढतो आणि अडकतो. अर्धा तास थांबले की पुन्हा घेतो. मग कार्बन, म्हणजे सेल्फच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे ठोकळे (ब्रश), बदलले जातात, थोडे दिवस बरे जातात आणि दुखणे परत येते.

अशा गाडीत बहुतेक वेळा मूळ झीज बुशची असते. आर्मेचर (सेल्फचा फिरणारा गाभा) ज्या बुशांत, म्हणजे धातूच्या नळीसारख्या बेअरिंगांत, फिरते ते सैल झाले की आर्मेचर मधोमध राहत नाही. फील्डच्या, म्हणजे बॉडीत पक्क्या बसवलेल्या कॉइलच्या, लोखंडी पोलमध्ये आणि आर्मेचरमध्ये फट अगदी थोडी असते, त्यामुळे लोड आला की आर्मेचर एका बाजूला खेचले जाऊन पोलला घासते. गरम झाल्यावर हे घासणे वाढते. कम्युटेटरही (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) डगमगत फिरतो, कार्बन त्यावर उड्या मारतात, ठिणग्या पडतात आणि नवे कार्बन लवकर संपतात. म्हणून सेल्फ उघडलाच आहे तर बुश बघितल्याशिवाय बंद करू नका, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

डिझेलला हा दोष जास्त भोवतो. पेट्रोलला स्पार्क असतो, डिझेल मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटते. या इंजिनांचे कॉम्प्रेशन साधारण १७ ते २२ पट असते आणि हवा पुरेशी तापायला इंजिन ठरावीक वेगाने फिरावेच लागते. सेल्फ अर्ध्या वेगाने फिरला तर इंजिन पेट घेत नाही.

पुढची सगळी माहिती १२ व्होल्टच्या, फील्ड कॉइल असलेल्या जुन्या धाटणीच्या सेल्फसाठी आहे. कायम चुंबकाच्या किंवा आत गिअर असलेल्या नव्या सेल्फची रचना थोडी वेगळी असते, पण तपासणीचा क्रम तोच.

खोलण्याआधी मोजा

सेल्फ काढणे कष्टाचे काम आहे, आणि कितीतरी वेळा दोष सेल्फमध्ये नसतोच. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. आता गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. इंजिन चालू होऊ नये म्हणून एकाने स्टॉप केबल ओढून धरावी आणि किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर बघावा. सेल्फ चालू असताना बॅटरीवर ९.६ च्या खाली आकडा गेला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. चांगल्या बॅटरीवरही आकडा असाच कोसळत असेल, तर सेल्फ आतून घासतोय किंवा शॉर्ट आहे असे समजा.

त्यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे तीच वाचवते: केबलमध्ये व्होल्टेज कुठे गळते ते बघणे. मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या बोंडावर टेकवा, क्लॅम्पवर नको. काळी वायर सोलेनॉइडच्या (सेल्फवर बसलेल्या, करंट जोडणाऱ्या जाड स्विचच्या) ज्या बोल्टला बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर धरा. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर केबल, लग (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) किंवा क्लॅम्प खराब आहे. मग एक टोक बॅटरीच्या मायनस बोंडावर आणि दुसरे सेल्फच्या बॉडीवर ठेवून पुन्हा मारा. इथे ०.२ ते ०.३ च्या वर जाता कामा नये.

हे आकडे छोटे वाटतात, पण गणित करून बघा. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज ३०० अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच जातात. क्लॅम्पखालची पांढरी-हिरवी बुरशी एवढा अडथळा आरामात तयार करते.

अर्थिंगकडे खास लक्ष द्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चेसिस जोडणारी विणलेली पट्टी तुटली किंवा गंजली की करंटला परतीची वाट राहत नाही. तो मग अॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा वाट काढतो. सेल्फ मारताना एखादी केबल तापत असेल किंवा धूर काढत असेल तर दोष या पट्टीतच शोधा.

आवाजही बरेच सांगतो. एकच जोरदार ‘टक’ आणि पुढे शांतता, हेडलाइटही मंद होत नाहीत: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपलेत. टकटकटक असा सलग आवाज: बॅटरी किंवा टर्मिनल, आणि ते ठीक असतील तर सोलेनॉइडचे धरून ठेवणारे वाइंडिंग तुटले आहे. सेल्फ मोकळा सुसाट फिरतो पण इंजिन हलत नाही: बेंडिक्सचा, म्हणजे पिनियन (छोटे दातेरी चाक) पुढे सरकवून इंजिनात गुंतवणाऱ्या भागाचा, क्लच घसरतो. करकर दात वाजतात: पिनियन किंवा फ्लायव्हीलची रिंग. आणि सेल्फ झपाट्याने फिरवतो तरी इंजिन घेत नाही, तर सेल्फला हात लावू नका. डिझेल लाइनमधली हवा, फिल्टर किंवा हीटर प्लग बघा.

सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून सेल्फ मारायची सवय बऱ्याच जणांना आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती जागीच झेप घेते, आणि हे करणारा माणूस चाकासमोरच असतो. यात जीव गेलेले आहेत. हे करू नका.

सेल्फ खाली उतरवणे

बॅटरीची मायनस केबल सगळ्यात आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. सेल्फवरच्या जाड केबलला किल्ली बंद असतानाही थेट करंट असतो. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. गाडीखाली जायचे तर पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत सरकू नका.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जाड केबलचा नट सोडताना आतल्या नटला दुसऱ्या पान्याने धरा. सोलेनॉइडचा तांब्याचा बोल्ट आतल्या आत फिरला तर वाइंडिंगची तार तुटते. माउंटिंगचे दोन-तीन बोल्ट असतात. वरचा बोल्ट हाताला येत नाही, त्यासाठी लांब एक्स्टेंशन आणि गोटी (सॉकेट पाना) लागते. शेवटचा बोल्ट सुटण्याआधी सेल्फखाली हात किंवा लाकडाचा ठोकळा असू द्या, कारण जुने सेल्फ चांगलेच जड असतात. मध्ये शिम (पातळ पत्र्याची चकती) निघाली तर जपून ठेवा, ती परत तिथेच जाते.

सेल्फ ऑइलने माखलेला असेल तर ते ऑइल कुठून आले ते आताच शोधा. गळती तशीच ठेवून बसवलेला दुरुस्त सेल्फ पुन्हा तेलकट काजळीने भरतो.

उघडणे

बाहेरून ब्रशने साफ करून पुढचे तोंड, मधली बॉडी आणि मागचे झाकण यांच्या सांध्यांवर कानशीच्या टोकाने आडव्या खुणा मारा. एकाच प्रकारे बसतील असे वाटणारे भाग हमखास उलटे बसतात.

क्रम असा: सोलेनॉइड काढा आणि त्याचा प्लंजर (आत-बाहेर सरकणारा दांडा) फोर्कमधून, म्हणजे बेंडिक्स ढकलणाऱ्या काट्यातून, सोडवा. मागची छोटी टोपी उघडली की शाफ्टवर क्लिप आणि वॉशर दिसतील. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. दोन लांब बोल्ट सोडून मागचे झाकण ओढा, कार्बन होल्डरमधून बाहेर काढा, मग बॉडी आर्मेचरवरून सरकवा. फोर्कची पिन काढली की आर्मेचर बेंडिक्ससकट निघते. काही सेल्फमध्ये ही पिन मुद्दाम एका बाजूला जाड केलेली असते आणि ती फिरवून पिनियनचे अंतर जुळवतात. तिचीही खूण करा.

धुण्याची घाई करू नका. आर्मेचर आणि फील्ड कॉइल पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवायचे नाहीत, वाइंडिंगवरचे वॉर्निश आणि इन्सुलेशन बिघडते. कोरडा ब्रश आणि थोडा स्पिरिट लावलेला कपडा पुरे. बेंडिक्स तर अजिबात धुवायचा नाही, त्याच्या क्लचमध्ये कायमचे भरलेले ग्रीस वाहून जाते. आतली काळी पूड तोंडाने फुंकू नका. नाका-तोंडाला रुमाल बांधा, ती कार्बन आणि तांब्याची असते.

आर्मेचर काय सांगते

आर्मेचर उजेडात धरून हळूहळू फिरवा. लोखंडी पत्र्यांच्या गोलावर एखादा पट्टा घासून चकचकीत झालेला दिसला, आणि बॉडीत एखाद्या पोलवर तसाच चकाकता डाग असला, की निदान झाले: बुश गेले आहेत.

आता मागच्या टोकाला कम्युटेटर बघा. निरोगी कम्युटेटर तपकिरी आणि गुळगुळीत असतो. काळा पडला असेल तर बारीक काचपेपरची पट्टी गुंडाळून आर्मेचर फिरवत साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि पुढे कार्बन खातात. खोल चरे पडले असतील किंवा तो लंबगोल झाला असेल तर लेथवर हलका कट मारून घ्यावा लागतो.

तांब्याच्या पट्ट्यांमधल्या अभ्रकाबद्दल एक बारकावा आहे. काही सेल्फमध्ये अभ्रक पट्ट्यांपेक्षा खोल कापलेले असते, तिथे खाचांत साचलेली पूड टोकदार काडीने काढायची. पण लुकास पद्धतीच्या कित्येक जुन्या सेल्फमध्ये अभ्रक मुळातच पट्ट्यांच्या पातळीला असते आणि ते खोल कापायचे नसते. म्हणून कंपनीतून जसे आले तसेच ठेवा. हॅकसॉ ब्लेड घेऊन सरसकट खाचा पाडणारा कारागीर भेटला तर त्याला थांबवा.

पट्ट्यांच्या मागे, जिथे वाइंडिंगच्या तारा जोडलेल्या असतात, तिथले सोल्डर वितळून उडालेले दिसले तर कोणीतरी मिनिटभर किल्ली धरून ठेवली होती. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक कम्युटेटरवर आणि दुसरे शाफ्टवर लावा. आवाज आला तर आर्मेचर अर्थ झाले आहे, म्हणजे वाइंडिंग शाफ्टला शॉर्ट झाले आहे. वाइंडिंगच्या आतला शॉर्ट मात्र साध्या मीटरला कळत नाही, त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडच्या ग्रोलरवर (आर्मेचर तपासण्याच्या विद्युतचुंबकी यंत्रावर) ठेवून बघावे लागते. आर्मेचरवर धरलेले हॅकसॉचे पाते एखाद्या जागी थरथरले की तिथे शॉर्ट आहे.

फील्ड कॉइलचे दोन प्रश्न आहेत: टर्मिनलपासून कार्बनपर्यंत करंट जातो का, आणि बॉडीला लागतो का. पहिल्याचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही असे हवे. मात्र ज्या सेल्फमध्ये फील्डचे एक टोक मुद्दाम बॉडीला जोडलेले असते तिथे दुसरी तपासणी ते टोक सोडवूनच करायची. पोलचे स्क्रू गरज नसेल तर हलवू नका.

बुश बदलणे

शाफ्ट बुशमध्ये कोरडा घालून हलवून बघा. बोटाला खळखळ जाणवली तर बुश बदलायचा. एक पुढच्या तोंडात, एक मागच्या झाकणात, आणि काही सेल्फमध्ये तिसरा मधल्या प्लेटमध्ये असतो. काही बनावटीत पुढचा बुश सेल्फमध्ये नसतो, इंजिनाच्या बेल हाऊसिंगमध्ये बसलेला असतो. तो नेहमी विसरला जातो. एक बदलला तर सगळे बदला, कारण एका टोकाला नवा आणि दुसऱ्या टोकाला झिजलेला बुश असला तर आर्मेचर तिरके चालते.

आरपार भोक असेल तर जुना बुश गोल दांड्याने ठोकून निघतो. मागच्या झाकणात मात्र भोक बहुधा बंद असते. तिथे बुशच्या पोकळीत ग्रीस गच्च भरा, शाफ्टच्या मापाचा गुळगुळीत दांडा तोंडावर धरा आणि हातोडीने मारा. ग्रीस दबायला तयार नसते, ते बुशच्या मागे शिरून त्याला वर ढकलते. दोन-तीन वेळा ग्रीस भरावे लागेल. काच फोडल्यासारखे ठोकायचे नाही, झाकण बिडाचे किंवा अॅल्युमिनिअमचे असते.

नवे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि तेल पोटात धरून ठेवतात. बसवण्याआधी ते पातळ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवा. घाईच असेल तर १०० अंशांच्या आसपास तापवलेल्या तेलात दोन तास. कोरडा बसवलेला बुश थोड्याच दिवसांत शाफ्ट खाऊ लागतो.

बसवताना व्हाइसच्या जबड्यात दाबून बसवा. दाबायचा दांडा शाफ्टच्या मापाचा आणि खांदा असलेला हवा, म्हणजे बुश आत चेपला जात नाही. बसल्यावर रीमर किंवा पॉलिश पेपर मारून भोक मोठे करायचे नाही. त्याने पृष्ठभागावरची छिद्रे बुजतात आणि तेल बाहेर येत नाही. शाफ्ट घट्ट होत असेल तर बुश चुकीच्या मापाचा आहे किंवा वाकडा बसला आहे.

पुण्यात नाना पेठेत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सेल्फवरचा नंबर सांगितला की बुश आणि कार्बनचा संच मिळतो. शाफ्टच झिजला असेल तर तयार बुश उपयोगाचा नाही. मग शाफ्ट लेथवर साफ करून त्या मापाचा गनमेटलचा बुश कातून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे काम रोजचे आहे. गनमेटल तेल धरत नाही, म्हणून त्याला बसवताना ग्रीस लावा.

कार्बन, बेंडिक्स, सोलेनॉइड

कार्बन बहुतेक चार असतात. दोन अर्थचे, मागच्या प्लेटवर. दोन फील्ड कॉइलच्या टोकांना जोडलेले. नव्याच्या निम्म्या लांबीपर्यंत आले की सगळे एकदम बदला. फील्डच्या कार्बनची तार जाड तांब्याला सोल्डर केलेली असते. इथे मोबाइल दुरुस्तीचा छोटा आयर्न चालत नाही, १०० वॉटच्या वरचा लागतो. सोल्डर विणलेल्या तारेत वर चढू देऊ नका, चिमट्याने तार धरून ठेवा. तार कडक झाली तर कार्बन होल्डरमध्ये मोकळा सरकत नाही. हात बसलेला नसेल तर एवढे एक काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

होल्डरमध्ये कार्बन स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. स्प्रिंग निळी पडली असेल तर तिचा जोर गेला आहे. नव्या कार्बनचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईला जुळवायला काचपेपर कम्युटेटरवर खरखरीत बाजू बाहेर करून गुंडाळा आणि फिरवा, मग पूड पूर्ण साफ करा.

बेंडिक्सची पिनियन हाताने एका दिशेला मोकळी फिरावी आणि उलट दिशेला लगेच घट्ट धरावी. दोन्हीकडे फिरली किंवा धरताना सरकली तर बेंडिक्स पूर्ण नवा घाला.

सोलेनॉइड उघडता येणारा असेल तर झाकणावरच्या सोल्डर केलेल्या तारा सोडवून आत बघा. जळालेले असतात ते दोन जाड बोल्टांची डोकी आणि त्यांना जोडणारी तांब्याची चकती. बोल्ट १८० अंश फिरवून चकती उलटी केली की न वापरलेला तांबा समोर येतो आणि सोलेनॉइड बरीच वर्षे चालतो. प्लंजर कोरडा आणि स्वच्छ ठेवा. ग्रीस लावले तर धूळ चिकटून तो अडकतो. सीलबंद सोलेनॉइड सरळ बदला.

जोडणी आणि चाचणी

शाफ्टच्या आट्यांवर आणि फोर्कच्या पिनवर चांगल्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, कम्युटेटरच्या बाजूला कणभरही नको. कार्बन होल्डरमध्ये अर्धे वर ओढून स्प्रिंग त्यांच्या कुशीत अडकवा. झाकण बसले की खिडकीतून स्प्रिंग जागेवर ढकला. वॉशर तारेवरच्या क्रमाने घाला. बोल्ट आवळल्यावर आर्मेचर हाताने फिरवा. कुठेही अडखळले तर ठोकू नका, परत उघडा.

आता सेल्फ व्हाइसमध्ये पक्का धरा, कारण सुरू होताना तो उसळतो. जम्पर केबलने बॅटरीचा मायनस बॉडीला आणि प्लस सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टला जोडा. किल्लीची वायर जिथे येते त्या छोट्या टर्मिनलला प्लस क्षणभर टेकवा. पिनियन झटक्यात बाहेर येऊन सेल्फ एकसुरात फिरला पाहिजे. पाच सेकंद पुरे, लोडशिवाय तो फार वेगाने पळतो. फिरताना पिनियनजवळ हात नेऊ नका. बाहेर आलेली पिनियन आणि पुढचा थांबा यांत साधारण १ ते ३ मिलिमीटर अंतर राहते का ते मोटरची जोडणी सोडवून, फक्त सोलेनॉइड चालवून बघा. ते फोर्कच्या पिनने किंवा सोलेनॉइडखालच्या शिमने जुळते.

बसवण्याआधी रिंग बघा

सेल्फ बाहेर आहे तोवर भोकातून टॉर्चचा उजेड टाका आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तपासा. क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने फिरवत पूर्ण फेरा बघा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना जवळपास त्याच दोन जागी थांबते, म्हणून दात समोरासमोरच्या दोन ठिकाणीच खाल्ले जातात. नुसत्या कडा गोल झाल्या असतील तर चालेल. अर्धे दात गेले असतील तर नवा बेंडिक्सही महिन्यात खराब होईल. तेव्हा गिअरबॉक्स उतरवून रिंग तापवून काढणे आणि पाव फेरा फिरवून किंवा नवी बसवणे हेच खरे काम. तुटलेल्या दातांवर वेल्डिंग भरून कानशीने घासणे हा तात्पुरता उपाय आहे आणि तापवलेल्या जागी रिंग मऊ पडते.

सेल्फ आणि बेल हाऊसिंग जिथे टेकतात तिथला रंग, गंज, ऑइल खरवडून धातू उघडा करा, कारण सेल्फचे अर्थिंग तिथूनच होते. लग चकचकीत घासून नट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी जोडल्यावर सुरुवातीला घेतलेले व्होल्टेजचे आकडे परत घ्या आणि जुन्यांशी ताडून बघा.

गाडी गरम झाल्यावर बंद करून लगेच पुन्हा मारा. बुशचे काम नीट झाले का हे गरम इंजिनावरच कळते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका आणि पुन्हा मारण्याआधी अर्धा ते एक मिनिट थांबा. आठवडाभर गाडी चालल्यावर माउंटिंगचे बोल्ट आणि जाड केबलचा नट पुन्हा एकदा पाना लावून तपासा, नवीन लग बसल्यावर थोडा ढिला पडतोच.